टाकीतले तेल आणि कढईतले तेल

१९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. तेव्हा ते नवल होते. आज ते धोरण आहे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के जैवडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे. नव्या मोटारीला ते सोसेल काय? सात टक्क्यांपर्यंतचे मिश्रण आपल्या मानकात बसते. त्यापुढे मात्र जपावे लागते. काजळीची गाळणी जाळून साफ होताना जैवडिझेल इंजिन ऑइलात उतरते आणि ते पातळ करते. या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या माहितीपुस्तकात मिळते. हे तेल कुणाच्या वाट्याचे, याचे उत्तर तेथे नाही.

धाराशिव जिल्ह्यात खरिपात जिकडेतिकडे सोयाबीन असते, तेही बहुतांशी पावसाच्या भरवशावर. एकरी पाच क्विंटल पीक आणि त्यात अठरा टक्के तेल धरले, तर शंभर लिटरदेखील भरत नाही. मोटारीच्या दोन टाक्यांत एका एकराचे तेल संपले! महिन्याला तीन लिटर लागणाऱ्या घराला तेच अडीच वर्षे पुरते. पेंड मागे उरते, हे खरे. पण पेंडीची फोडणी होत नाही. आणि आपण तर निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशांतून आणतो.

यावर शेतकरी म्हणेल, ‘गाड्यांमुळे माझ्या मालाला भाव आला, तर त्यात पाप कसले?’ हा प्रश्न झटकून टाकता येणार नाही. दुसऱ्यांना स्वस्ताई मिळावी म्हणून त्यानेच का झिजावे? परंतु त्या वाढीव भावाने तेलाची छोटी पुडी विकत घेणारी शेतमजूर बाईही त्याच शिवारात राबत असते. त्याला न्याय द्यायचा तो तिच्या ताटातून नव्हे.

२००९ च्या धोरणाने पडीक जमिनीवरील मोगली एरंडावर भिस्त ठेवली होती. कागदावरचे ‘पडीक’ म्हणजे पुष्कळदा धनगराचे चराऊ रान. शिवाय कोरड्या माळावर बीही बेताचेच येते.

उरते ते तळून काळवंडलेले तेल. जुलै २०१८ पासून ठरावीक मर्यादेपलीकडे बिघडलेले तेल खाण्यास वर्ज्य आहे. त्याचे जैवडिझेल होऊ शकते. मला हाच मार्ग निर्दोष वाटतो, पण एका अटीवर: जुन्या तेलाला ताज्यापेक्षा अधिक भाव मिळता कामा नये, नाहीतर ताजेच तेल जुने म्हणून विकले जाईल. तुळजापूरच्या यात्रेत भजी तळून उरलेला डबा कोणी गोळा केला नाही, तर तो स्वस्तात पुढच्या हातगाडीवर जाण्याची भीती असते, आणि तेथे खाणारा बहुधा पायी आलेला असतो.