कीर्तनात हसावे कोणावर?

वाचकहो, सप्ताहाचे निमंत्रण घेऊन येणारी मंडळी हल्ली नारळ हातात देताना एक गोष्ट हळूच सांगतात, "महाराज, लोकायले थोडं हासवा, नाहीतं मंडप खाली होते." आमच्या नांदगाव पेठेच्या आसपास हे वाक्य पुष्कळ गावांत ऐकू येते. उलट जुने माळकरी म्हणतात, ही नारदाची गादी आहे, इथे खिदळण्याचे काय काम? मंडप भरावा ही एकाची काळजी, गादीची मर्यादा राहावी ही दुसऱ्याची. दोघेही आपलेच. म्हणून या वादाचा शांतपणे विचार करू.

आधी पूर्वपक्ष. आयुष्य थोडे, त्यात नामाला मिळणारा वेळ त्याहून थोडा. दोन तासांच्या कीर्तनातला दीड तास गमतीत गेला, तर घरी काय नेले? समर्थांनीही दासबोधात टवाळांच्या विनोदाला हलकेच स्थान दिले आहे. ही शंका खोटी नाही. लोक चुटका लक्षात ठेवतात आणि अभंग कोणता लावला होता ते विसरतात, हे आपण सर्व पाहतो.

पण शास्त्राने हास्याला घराबाहेर काढलेले नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्य हा रस मानला आणि त्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिल्या दोन उत्तमांच्या, मधल्या दोन मध्यमांच्या, शेवटच्या दोन अधमांच्या. हसूच नये असे मुनी म्हणत नाहीत, कोणत्या पायरीवर उभे राहून हसतोस ते पाहा म्हणतात. विद्येचेही तेच. पंचतंत्रात राजाच्या तीन मठ्ठ मुलांना विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत शहाणे केले, ते कोल्हा, माकड, गाढव यांच्या गोष्टी सांगून. पोथी डोक्यावर आपटून विद्या आत जात नाही. मन मोकळे झाले की ती आपोआप आत शिरते.

आता आपल्या संप्रदायाचेच घर पाहू. नाथांनी भारुडे लिहिली तेव्हा गावात दारोदार फिरणारे सगळे लोक त्यांत आणले. जोशी आला, वासुदेव आला, गोंधळी आला, आंधळा, बहिरा, मुका आला. कामक्रोधाचा विंचू आला. यातली खूण अशी की भारूड करणारा स्वतःच ते सोंग घेतो. विंचू दुसऱ्याला चावलेला नसतो, तो त्यालाच चावलेला असतो आणि तोच मंडपात गडबडा लोळतो. श्रोता पोट धरून हसतो. हसता हसता त्याच्या ध्यानात येते की हा विंचू तर आपल्या घरातही आहे. इथे हसू हे औषधाबरोबर दिलेल्या मधासारखे आहे.

काल्याचे पाहा. पेंद्या बोबडा, वाकड्या वाकडा. त्यांच्या बोलण्याला गोपाळ हसतात, आपणही हसतो. पण शिदोऱ्या सुटल्या की देव कोणाचा घास मागतो? त्याच पेंद्याचा. त्याची आंबट ताकाची शिदोरी देवाला गोड लागते. ज्याला हसलो त्याला पंगतीतून उठवले नाही, उलट देवाच्या शेजारी बसवले. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि मग वारकरी परतीची वाट धरतात. वारीचा शेवट उपवासाने होत नाही, एकमेकांच्या तोंडात लाह्या-दह्याचा घास घालून होतो. वाटेत पायांना फोड आलेले असताना म्हाताऱ्या बाया फुगडी घालतात. त्या खेळाला परमार्थाबाहेरचे कोण म्हणेल?

आणि आपल्या अमरावती जिल्ह्याला दाखल्यासाठी दूर जायला नको. गाडगेबाबा शेंडगावचे, इथल्याच मातीतले. बाबांजवळ टाळ-मृदंगाचा थाट नव्हता. ते वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारायचे आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढायचे. नवसाचे बकरे, लग्नासाठी काढलेले कर्ज, दारू, शिवाशीव या सगळ्यांवर सभा खदखदा हसायची आणि हसण्याच्या मधेच गप्प व्हायची, कारण ते बकरे आपणच कापलेले आणि ते कर्ज आपणच काढलेले. बाबा टोचून बोलत. पण कीर्तनाआधी त्याच लोकांचे गाव त्यांनी झाडलेले असे. ज्यांना कोणी उंबऱ्यात घेत नव्हते, त्यांच्यासाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या काठी बाबांनी देह ठेवला. हातात आधी झाडू, मग तोंडात विनोद. हा क्रम आपण विसरलो.

साहित्यातला दाखलाही वऱ्हाडचाच. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर अकोला, खामगाव, जळगाव जामोद या भागात वकिली करत, आणि मराठी विनोदी लेखनाची वाट त्यांनी पाडली. त्यांच्या पुस्तकाचे नाव 'सुदाम्याचे पोहे'. त्यात पोकळ रूढींची टिंगल आहे, म्हणून सनातनी मंडळींना ती झोंबणारच. पण गोष्ट सांगणारा सुदामा स्वतःच त्या फजितीत बंडूनाना आणि पांडूतात्यांच्या बरोबरीने असतो. तो उंचावर बसून खाली हसत नाही.

यातून सिद्धांत निघतो तो इतकाच. हसू वाईट नाही, पण हसून झाल्यावर ज्याला हसलो तो पंगतीत राहिला का, हे विचारावे. राहिला तर तो काला, उठून गेला तर ती टवाळी.

या कसोटीवर आजचे काही चुटके घासून पाहा. बायको कशी भांडते, सून कशी मोबाईल घेऊन बसते, काळ्या पोरीचे लग्न कसे जमत नाही. मंडप हसतो. मागे खांबाजवळ त्या घरची सून बसलेली असते. पहाटेपासून तिने दोनशे माणसांचा स्वयंपाक ओढलेला असतो. सगळे हसतात म्हणून तीही तोंडाला पदर लावून हसते. पण त्या क्षणी आपण तिला मंडपात ठेवूनही मंडपाबाहेर काढलेले असते. विठ्ठलाच्या दारी तिला आणखी एक सासर भेटले.

तेरवीचे कीर्तन तर फार जपून करावे. नापिकीने, कर्जाने खचून ज्या घरच्या माणसाने जीव दिला, तिथे हशा पिकवणे म्हणजे जखमेवर मीठ. तिथे नाम घ्यावे, लवकर थांबावे आणि घरच्यांजवळ बसावे. मात्र दोन-तीन महिन्यांनी त्याच घरचे लेकरू सोंग पाहून खुदकन हसले, तर "बाप गेला नं तुहा" म्हणून त्याला कोणी दटावू नये. ते हसू म्हणजे बापाला विसरणे नव्हे. करपलेल्या झाडाला आलेला तो कोंब आहे.

कोणी विचारील, इतके जपायचे तर विनोद करायचा कोणावर? कीर्तनकाराने आधी स्वतःवर करावा. पाकिटाकडे जाणारी नजर, फेट्याची ऐट, "मागच्या गावाने जास्त दिले" हे सुनावणे, विषय काय कमी आहेत? जो स्वतःला हसतो त्याचे बोट दुसऱ्याकडे वळले तरी टोचत नाही.

आणि श्रोतेहो, तुमच्याही हातात पुष्कळ आहे. तुम्ही हसता म्हणून तो चुटका पुढच्या गावी जातो. जिथे कोणाचे मन मोडते, तिथे हसू नका, टाळ वाजवा. कीर्तनकाराला ती भाषा लगेच कळते. नाथांच्या सोंगाला मात्र पोटभर हसा, आणि घरी जाताना तो विंचू कोणाच्या पायाला लागला होता ते पाहा.

रामकृष्ण हरी.