छाट आणि विश्वास

दहा माणसांकडून काम करवून घ्यावयाचे ते धाकाने, ममतेने की नियमाने, हा प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा दिसतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. सिन्नरच्या विड्यांचे उदाहरण घेतल्यास तो अधिक स्पष्ट होईल, असे आम्हांस वाटते.

विडी वळणारी बाई पुष्कळदा आपल्या घरीच बसून काम करते. पान भिजविणे, ते मापाने कातरणे, तंबाखू भरून वळणे, दोरा बांधणे, हे सारे मालकाच्या दृष्टीआड चालते. मालकाचा अधिकार प्रकट होतो तो तयार माल तपासताना. तपासणारा काही विड्या बाजूस काढतो. त्यांस ‘छाट’ म्हणतात. मजुरी हजारी हिशेबाने असल्यामुळे छाट वाढली की मजुरी घटली. तपासणीवाचून माल चांगला निपजणार नाही, हे खरे. परंतु विडी का टाकली याचे उत्तर देण्यास तपासणारा बांधलेला नसेल, तर ती तपासणी न राहता नुसती सत्ता होते. टाकलेल्या विड्यांविषयीच्या तंट्यांचा निवाडा मालकाबाहेरच्या अधिकाऱ्याकडे सोपविण्याची तरतूद १९६६ च्या विडी कामगारांच्या कायद्यात करावी लागली, यातच सर्व काही आले.

याच्या अगदी उलट मार्ग लक्ष्मणराव किर्लोस्करांचा. १९१० साली औंध संस्थानातील उजाड माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली आणि दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्या माणसांस रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्यापासून जगाने आपली चीजवस्तू जपावी, त्यांच्याच हाती त्यांनी ती जपावयास दिली! विश्वास टाकल्याने मनुष्य विश्वासास पात्र होतो, ही त्यांची श्रद्धा होती.

तर मग ममता हेच उत्तर काय? आम्हांस तसे वाटत नाही. प्रत्येक कारखान्यास लक्ष्मणराव कोठून मिळणार? शिवाय धन्याच्या मर्जीने मिळालेले त्याच्याच मर्जीने जाऊ शकते, आणि कृतज्ञतेच्या भाराने वाकलेली मानही वाकलेलीच असते. नियम ती मान ताठ ठेवतो. मात्र नियम अन्याय आवरू शकतो. जिव्हाळा उत्पन्न करू शकत नाही. म्हणून नियमाचा पाया आणि त्यावर विश्वासाची इमारत, हाच क्रम आम्ही योग्य समजतो.

आज सिन्नरजवळ माळेगाव व मुसळगाव येथे यंत्रांचे कारखाने आहेत. तेथे बिघडलेले माप कामगाराने भीतीपोटी लपविले, तर त्याचे फळ दूर कोठेतरी तिसऱ्यालाच भोगावे लागेल. तेव्हा पुढाऱ्याची परीक्षा एकच: हाताखालचा मनुष्य स्वतःची चूक आपण होऊन त्याला सांगावयास येतो की नाही? हा प्रश्न कारखानदारांपुरताच नाही. कचेरीत, शाळेत, किंबहुना मुलांसमोर घरात बसलेल्या आपणा प्रत्येकालाही तो लागू आहे.