सही, वेळ आणि सर्व्हर

कुर्डुवाडीची सरकारी घडण जरा चमत्कारिक आहे. तालुका माढ्याचा, तहसील कचेरीही माढ्यालाच. पण तालुक्याची पंचायत समिती कुर्डुवाडीत आणि माढा विभागाचे प्रांत कार्यालयही कुर्डुवाडीत. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, जातीच्या दाखल्यावर सही प्रांतांची. फेरफाराची नोंद गावच्या तलाठ्याकडे, त्याविरुद्धचे अपील पुन्हा प्रांतांकडे. विहिरीचे प्रकरण पंचायत समितीत. एका शेतकरी कुटुंबाची वर्षभराची कामे अशी दोन गावांत वाटली गेलेली असतात आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या’ या वाक्याची किंमत एसटीच्या तिकिटात आणि बुडालेल्या रोजात मोजावी लागते. ऑनलाइन सेवांचा आनंद सर्वांत जास्त अशा गावांना व्हायला हवा. बऱ्याच अंशी झालाही आहे. पण लाच गेली का, असे विचारले तर उत्तर दोन वाक्यांत मिळते : ‘सातबाऱ्याला आता कोण पैसे मागतंय? नोंदीचं विचारा.’

सातबारा आणि नोंद, दोन्ही एकाच खात्याची, एकाच जमिनीची, दोन्ही संगणकावर आलेली. मग एकीकडची चिरीमिरी गेली आणि दुसरीकडची राहिली, हे कसे?

सातबाऱ्याचे आधी पाहू. हस्तलिखित उताऱ्याच्या काळात तलाठी गाठणे हेच अर्धे काम होते. एकेका तलाठ्याकडे दोन-तीन सजांचा कार्यभार. तो आज कुठल्या गावात आहे याचा पत्ता कोतवालाला विचारायचा, गाठ पडली की दप्तर नेमके दुसऱ्या गावी असायचे. पीककर्जाच्या हंगामात उताऱ्यामागे काहीतरी ‘चहापाणी’ ठरलेले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरा, उतरवून घ्या. त्यावर सही आहे, पण ती मिळवण्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. बँका आणि सोसायट्या तरीही बरीच वर्षे तलाठ्याचा गोल शिक्का मागत राहिल्या, हा आपल्याकडचा खास विनोद. २०२५ च्या अखेरीस महसूल खात्याला पुन्हा एकदा बजावून सांगावे लागले, की या उताऱ्याला वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाही.

आता नोंद. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले गेले की त्याची माहिती संगणकानेच तलाठ्याकडे जाते. तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तो अजून तलाठीच आहे. तो फेरफार धरतो, संबंधितांना नमुना नऊची नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीसाठी थांबायचे आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वारसाच्या नोंदीसाठी ‘ई-हक्क’वरून घरबसल्या अर्ज करता येतो. कागदाचा प्रवास विजेच्या वेगाने होतो, पण पोचतो त्याच दोन माणसांच्या पुढ्यात. यात ‘नाही’ म्हणण्याची गरजच पडत नाही. फक्त बटण दाबायचे नाही. किंवा एक ‘त्रुटी’ काढायची : मृत्यूच्या दाखल्यात नाव ‘दत्तू’, सातबाऱ्यावर ‘दत्तात्रय’. अर्ज परत. दुरुस्त करून पाठवला की दुसरी त्रुटी. ती पहिल्या वेळी दिसली नव्हती. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या कारवायांत महसूल खाते वर्षानुवर्षे पहिल्या एक-दोन नंबरांत राहते, आणि त्या बातम्यांमध्ये नोंद, फेरफार, वारस हे शब्द हमखास असतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. लाच म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बेकायदा काम येते. तसल्या लाचा आहेत आणि त्या मोठ्या रकमेच्या आहेत. पण सामान्य माणूस जी लाच देतो ती बहुतेक वेळा पूर्ण कायदेशीर कामासाठी असते. बाप गेल्यावर मुलाचे नाव लागणे हा उपकार नव्हे, तो कायद्याने ठरलेला हक्क आहे. मुलगा पैसे देतो ते हक्क मिळवण्यासाठी नाही, तो या पेरणीच्या आत मिळावा म्हणून. विकली जाते ती वेळ. म्हणून कोणत्याही ऑनलाइन सेवेकडे पाहताना मी दोनच प्रश्न विचारतो. एखादी सही कमी झाली का? आणि सही राहिलीच असेल, तर तिची वेळ साहेबांच्या हातातून गेली का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आपण जुन्याच टेबलावर नवा संगणक ठेवला आहे.

वेळ बांधणारा कायदा आपल्याकडे आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली, अर्जाची पोच देणे बंधनकारक, नकार दिला तर कारण लेखी, मुदत टळली तर पहिले अपील, दुसरे अपील आणि शेवटी आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. कागदावर कायदा चांगला आहे, मी त्याची चेष्टा करणार नाही. पण त्यातली पळवाट प्रत्येक कारकुनाला ठाऊक आहे : मुदत सुरू होते ती परिपूर्ण अर्जापासून. ‘परिपूर्ण’ कधी झाला हे ठरवणार कोण, तर ज्याच्यावर मुदतीचे बंधन आहे तोच. आणि अपील कोणाविरुद्ध करायचे? ज्याच्याकडे उद्या रस्त्याचे काम घेऊन जायचे आहे त्याच्याविरुद्ध. दोन हजारांची मागणी आणि पुढची दहा वर्षे, असा हिशेब माणूस मनात करतो आणि दोन हजार देतो. त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे.

शेजारच्या कर्नाटकाने ही गाठ वेगळ्या जागी सोडवून पाहिली होती. या शतकाच्या सुरुवातीला तिथे ‘भूमी’ प्रकल्पात जमिनीचे उतारे संगणकावर आले, तेव्हा फेरफारांसाठी एक साधा नियम सॉफ्टवेअरमध्येच घातला गेला : जो अर्ज आधी आला तो आधी निकाली निघेल. मागचा पुढे घ्यायचा तर प्रणालीच परवानगी देत नाही. रांगेतली जागा विकता येत नसेल तर विकायला फारसे काही उरत नाही. ‘भूमी’वर पुढे टीकाही झाली. बंगळुरूच्या आसपास जमिनी गोळा करणाऱ्या बड्यांनाच या माहितीचा फायदा अधिक झाला, असे तिथल्या अभ्यासकांनी २००७ च्या सुमारास मांडले. ती टीका गंभीर आहे. पण रांगेचा नियम त्यामुळे खोटा ठरत नाही. त्याही आधी, १९९९ मध्ये, दक्षिण कोरियातल्या सोल महानगरपालिकेने परवान्यांचे अर्ज संकेतस्थळावर उघडे ठेवायला सुरुवात केली. अर्ज आज कोणत्या विभागात, कोणाकडे, केव्हापासून आहे, हे कोणीही पाहावे. त्यात जादूचे तंत्र काहीच नव्हते. अर्ज ज्याच्याकडे अडला त्याचे नाव दिसत होते, इतकेच.

आता सहीकडे. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि राज्यभरच्या कचेऱ्यांत उत्पन्नाच्या आणि रहिवासाच्या दाखल्यांसाठी बायांच्या रांगा लागल्या. अमरावती जिल्ह्यात पैसे घेतानाच्या चित्रफितीवरून एका तलाठ्याला निलंबित करावे लागले. मग सरकारने अट सैल केली : पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. त्या एका ओळीने त्या दाखल्याचा बाजार जेवढा बसला, तेवढा कोणत्याही अ‍ॅपने बसला नसता. कर्जमाफीचेही तेच. २०१७ च्या कर्जमाफीत प्रत्येक शेतकऱ्याला ऑनलाइन अर्ज करायला लावला. नवरा-बायकोने मिळून केंद्रावर जायचे, अंगठा उठेना, सर्व्हर चालेना, याद्यांमध्ये गोंधळ. २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या कर्जमाफीत अर्जच मागितला नाही; बँकांनी याद्या दिल्या, शेतकऱ्याने फक्त आधार पडताळले. एका सरकारचे कौतुक आणि दुसऱ्याला चिमटा म्हणून हे सांगत नाही. दोन्ही योजना ‘डिजिटल’च होत्या. एकीने सरकारजवळ आधीच असलेली माहिती शेतकऱ्याकडून पुन्हा मागितली, दुसरीने ती बँकांकडून घेतली. फरक तिथे पडला.

याची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. पडताळणी सैल केली की खोटे आत शिरते. लाडकी बहीण योजनेत चौदा हजारांहून अधिक पुरुषांच्या खात्यांवर पैसे गेल्याचे २०२५ मध्ये बाहेर आले. एक रुपयातला पीकविमा हे तर फारच बोलके उदाहरण. शेतकऱ्याकडून रुपया, केंद्रचालकाला कंपनीकडून अर्जामागे चाळीस रुपये. तरीही कित्येक केंद्रांवर शंभर-शंभर घेतले गेले. शिवाय ज्यांची जमीन नाही त्यांनी गायरानावर, सरकारी जमिनीवर, दुसऱ्याच्या गटावर विमे उतरवले. २०२५ मध्ये ती योजना गुंडाळावी लागली. यातले सगळे चोर कचेरीत बसलेले नव्हते. काही आपल्याच आळीतले होते. पण यावर तोडगा म्हणून पुन्हा तलाठ्याचा दाखला मागणे म्हणजे चक्र उलटे फिरवणे. गट कोणाच्या नावावर आहे, हे सरकारच्या सातबाऱ्यात आहे. त्यात काय पेरले, हे २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत आहे. एका खात्याच्या संगणकाने दुसऱ्या खात्याच्या संगणकाला विचारायचे काम आपण अजून अर्जदाराच्या पायांवर टाकतो.

पंचायत समितीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे सही टाळता येत नाही. रोजगार हमीचे काम घ्या. मजुरी थेट खात्यात, कामाची छायाचित्रे अक्षांश-रेखांशासह, २०२३ पासून हजेरी मोबाइल अ‍ॅपवर. देशातल्या योजनांमध्ये इतकी कॅमेऱ्याखाली आणलेली योजना क्वचितच असेल. तरीही त्याच वर्षी, मार्चअखेरीस, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गेवराई पायगा गावचे सरपंच मंगेश साबळे यांनी फुलंब्री पंचायत समितीसमोर दोन लाखांच्या नोटा उधळल्या. त्यांचा आरोप असा, की सिंचन विहिरींच्या मंजुरीसाठी टक्केवारी मागितली जाते. पैसे वाटण्याची जागा सरकारने काचेची केली; मंजुरीची जागा भिंतीआड राहिली. अनुदानाच्या विहिरीत कोणाचे नाव आधी, कोणाचे पुढच्या वर्षी, हे ठरवणारी लेखणी जोवर एका खोलीत आहे तोवर हजेरीचे फोटो कितीही काढा. आणि ते फोटोही पाहा : जुन्या फोटोचाच फोटो काढून हजेरी लावली जाते, हे केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाला २०२५ मध्ये परिपत्रक काढून मान्य करावे लागले.

याउलट, महाडीबीटी पोर्टलवर ट्रॅक्टर-ठिबकच्या अनुदानासाठी काही वर्षे संगणकीय सोडत होती. शेतकरी तिच्यावर चिडायचे, नंबर लागत नाही म्हणायचे. पण ‘तुझं नाव घालतो’ असे सांगून पैसे घेणाऱ्याची सोडतीने पंचाईत केली होती, हे मान्य करायला हवे. आता आधी अर्ज करणाऱ्याला प्राधान्य आहे. तेही चालेल, मात्र रांग सगळ्यांना दिसली पाहिजे.

राहिला मधला माणूस. तो कचेरीच्या ओट्यावरून उठला आणि सेवा केंद्राच्या खुर्चीत बसला. ‘काका, ओटीपी सांगा’ म्हणतो आणि काकांचे सगळे सरकार त्याच्या हाती येते. दाखल्याची अधिकृत फी बराच काळ ३३ रुपये ६० पैसे होती. त्या पैशांचे सुटे कोणी परत दिल्याचे ऐकिवात नाही. सगळ्या केंद्रचालकांना एका दोरीत बांधणे अन्यायाचे होईल. उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत बसून पोरांचे अर्ज भरणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे कमिशन तुटपुंजे आहे. पण ‘आत सांगून ठेवतो’ हा जादा सेवा-आकार जिथे घेतला जातो, तिथे लाचेला दुकानाचा पत्ता मिळतो. रक्कम क्यूआर कोडवर जाते. सापळ्यातल्या नोटांना लावायची अँथ्रासिन पावडर तिथे उपयोगाची नाही, पण फोनवरचा व्यवहार पुसलाही जात नाही, हे काही लाचखोरांना अटक झाल्यावर कळले. कुर्डुवाडीकरांना हे सारे रेल्वेने आधी शिकवले आहे. तिकीट २००२ पासून घरबसल्या मिळू लागले आणि खिडकीपुढचा दलाल सॉफ्टवेअरमध्ये शिरला. तत्काळसाठी आधार-ओटीपीची सक्ती करायला २०२५ उजाडले.

म्हणून नव्या पोर्टलच्या उद्घाटनाने मला आता फारसा हर्ष होत नाही. मागणी करायची तर ती साधी करू. माढा तालुक्यातली प्रत्येक प्रलंबित नोंद, दाखला, अपील आणि विहिरीचे प्रकरण कोणत्या तारखेला आले, आज कोणाच्या लॉगिनला आहे, त्रुटी किती वेळा आणि कोणती काढली, याची यादी अर्ज क्रमांकासह दर सोमवारी प्रांत कार्यालय आणि पंचायत समितीच्या दारावर लावा. अर्जदाराचे नाव झाकले तरी चालेल, अधिकाऱ्याचे पदनाम झाकू नका. त्रुटी एकदाच आणि सगळ्या मिळून काढायच्या, दुसऱ्यांदा काढली तर वरिष्ठांची लेखी मान्यता हवी. नोंदींची रांग सॉफ्टवेअरने बांधा. यादीसाठीची माहिती सरकारी संगणकात आज, या क्षणी आहे. ती छापून दारावर लावायला नवा कायदा लागत नाही, नवे अ‍ॅप लागत नाही, निविदाही काढावी लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा एक आदेश पुरतो, आणि तो मागण्याचे काम आपले आहे.