आट्याचा तळ पाहा

चि. सोनू,

टायटॅनियमचा बोल्ट पोलादापेक्षा मजबूत असतो का, असं तू विचारलंस. तसं नाही. विमानात सर्रास वापरतात त्या टायटॅनियमच्या मिश्रधातूत सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असतं. हीट ट्रीटमेंटनंतर त्याचा बोल्ट साधारण १,१०० मेगापास्कल ताण आणि ६५५ मेगापास्कल कातरताण सोसतो. चांगल्या मिश्र पोलादाचा बोल्टही तेवढं सोसतो. फरक वजनात आहे. पोलादाची घनता ७.८५, टायटॅनियमच्या या मिश्रधातूची ४.४३ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. शिवाय कार्बन फायबरला टेकल्यावर ॲल्युमिनियम गंजतं, टायटॅनियम गंजत नाही.

पण हे आकडे पाठ करून थांबू नकोस. बोल्ट एका हिसक्यात क्वचितच तुटतो. उड्डाणामागून उड्डाण ताण चढतो, उतरतो आणि आट्याच्या तळाशी किंवा डोक्याखालच्या गोलाईत केसाएवढी चीर पडते. म्हणून विमानाच्या बोल्टचे आटे कापत नाहीत, रोल करतात. कापलं तर धातूचे कण तुटतात. रोलिंगमध्ये ते आट्याच्या वळणाने वाकतात आणि तळाचा धातू दाबलेला राहतो. त्या दाबामुळे चीर सहज उघडत नाही. रोलिंग हीट ट्रीटमेंटनंतरच करायचं, नाहीतर भट्टीत तो दाब निघून जातो.

मी तपासणीवर असताना एक लॉट ओढून पाहण्याच्या चाचणीत उत्तम उतरला आणि फटीगच्या, म्हणजे ताण पुन्हा पुन्हा चढवण्या-उतरवण्याच्या, चाचणीत डोक्याखालीच तुटला. गोलाई रोल करणारा रोलर झिजला होता. भिंगाखाली तिथे बारीक ओरखडे दिसले. पहिल्या चाचणीवर मी समाधानी होतो, याची खंत आजही आहे.

आणखी एक. टायटॅनियमवर टायटॅनियम घासलं की आटे एकमेकांत रुततात, मग पान्यानेही नट हलत नाही. त्यावरचा वंगणाचा थर पुसू नकोस. पान्याचंही तसंच जपावं लागतं. टायटॅनियमची ब्लॅकबर्ड विमानं बांधताना लॉकहीड कंपनीच्या लोकांना तापलेल्या बोल्टची डोकी गळून पडलेली आढळली. शोध घेतल्यावर कारण निघालं पान्यांवरचा कॅडमियमचा मुलामा. त्यांनी तसे पाने कारखान्यातून हद्दपार केले.

तुझ्या वर्कशॉपमधले पाने आधी तपास. मुलामा कॅडमियमचा असेल, तर तो पाना टायटॅनियमला लावू नकोस.

तुझे आजोबा