उशिरा येणारे बळ

माणसाला बळ हवे असते, यात नवे काही नाही. किती हवे, हे विचारले तर तो चटकन उत्तर देतो : अधिक! पण केव्हा हवे, असे विचारा. तो घोटाळ्यात पडतो. हा प्रश्न मी कोणत्या धर्मग्रंथातून उचललेला नाही. एका जपानी मोटारीच्या इंजिनाने तो माझ्यापुढे ठेवला. फराळाच्या ताटाशी इंजिनाची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण जिने ओल्या लाकडांची चूल फुंकली आहे, तिला हे यंत्र समजायला वेळ लागणार नाही.

अशी कल्पना करा, की चुलीतून बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवतो आहे आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र चुलीत ताजी हवा लोटते आहे. म्हणजे धूरच फुंकणी फुंकतो! याचे नाव टर्बोचार्जर. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअराने 1905 साली त्याचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुरातून मिळालेले हे बळ फुकटचे वाटते. तसे ते नाही. चक्र लहान असेल तर थोड्या धुरानेही भिरभिरते, पण जाळ मोठा झाला की त्यालाच धाप लागते. मोठे चक्र शेवटी हवेचा लोंढा आणते खरा. पण तोवर इंजिन सुस्त. पायाने मागितले आणि इंजिनाने दिले, यांत जे अंतर पडते त्याला मोटारवाले ‘लॅग’ म्हणतात.

टोयोटाने 1993 साली नवी सुप्रा गाडी काढली, तेव्हा तिच्या तीन लिटरच्या इंजिनाला दोन टर्बो दिले. आरंभी एकटाच राबतो. फेरे मिनिटाला चार हजारांच्या आसपास गेले की दुसरा मदतीला येतो. जपानात विकायच्या गाडीला चक्रे सिरॅमिकची बसवली. ती हलकी, म्हणून लवकर जागी होतात. मात्र हवेचा दाब हट्टाने वाढवला तर फुटतात. त्या काळी जपानी कारखानदारांचा आपसांत एक संकेत होता, 280 अश्वशक्तीच्या पुढचा आकडा जाहीर करायचा नाही. तो 2004 पर्यंत टिकला. कागदावर, असे म्हणणारे म्हणतात!

हौशी मालक हे दोन्ही टर्बो उतरवतो आणि एकच मोठा चढवतो. इंजिन ओतीव लोखंडाचे, मोठे सोशीक. दुप्पट बळही सोसते. मग पेट्रोलचा पंप बदला, इंजेक्टर बदला, क्लच बदला. नथ घेतली की तिला शोभेलसे लुगडे हवेच!

मी या हौसेला हसत नाही. गवयाच्या तानेचा तरी संसारात काय उपयोग असतो? पाव मैलाच्या सरळ शर्यतीत इंजिन सारखे वरच्या फेऱ्यांत ठेवायचे असते. तिथे मोठे चक्रच योग्य. पण रस्त्यावरची गाडी आपला बहुतेक दिवस दोन-तीन हजार फेऱ्यांत काढते, आणि तिथे ही शृंगारलेली गाडी मूळच्या गाडीहून दुबळी ठरते. मालकाने आपल्या कल्पनेतल्या माणसाच्या काही क्षणांसाठी, प्रत्यक्षातल्या माणसाचे तास मोजून दिले. निव्वळ आनंदच हवा असता, तर पायाला तत्काळ ओ देणारे चक्र त्याने निवडले असते. मित्रांना सांगायचा आकडा हवा होता, म्हणून मोठे निवडले.

ज्याचे पैसे त्याची मर्जी, इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण उशिरा येणारे बळ एकदम येते. मागितले सरळ रस्त्यावर आणि मिळाले वळणावर, असे होऊ शकते. मागची चाके ओल्या डांबरावर सुटली, तर समोरून सायकलवर येणाऱ्याला या निवडीत कोणी विचारले होते? शर्यतीच्या मैदानात जी चूक मालकाच्या खिशाला लागते, ती रस्त्यावर दुसऱ्याच्या घराला लागते. टर्बोचे माप ठरवताना हा सायकलवालाही हिशेबात धरला पाहिजे.

आता बॉल-बेअरिंगवर फिरणारे टर्बो मिळतात. ते लवकर जागे होतात, लॅग पुष्कळ घटतो. मग प्रश्न मिटलाच की, असे तुम्ही म्हणाल. मालक मात्र म्हणतो, लॅग इतका कमी झाला आहे, तर एक माप मोठे घ्यायला काय हरकत आहे?