उघडे हात

जरा थांबा.

खिडकीबाहेर सिअॅटलचा फेब्रुवारी. प्युजेट साउंडचं पाणी ८ अंशांच्या आसपास. खोलीत बॅग उघडी पडलेली, आणि शेजारी नियोप्रीनचे जाड हातमोजे.

डायव्हिंगसाठी बोनेअरचं तिकीट निघालं आहे. कॅरिबियन समुद्र, व्हेनेझुएलाच्या समोर. तिथलं पाणी २६ ते २९ अंश. सामानाची यादी करायची आहे.

यादी राहू द्या. मोज्यांकडे बघा.

ते अजून ओले आहेत. बोटं किंचित वाकलेली, काहीतरी धरून ठेवल्यासारखी.

श्वास आत. श्वास बाहेर.

या बोटांना काय काय ठाऊक आहे? हिरवं, धूसर पाणी. टॉर्चच्या उजेडात उमललेली पांढरी समुद्रफुलं. खडकाच्या कपारीत महाकाय ऑक्टोपस. त्याचा सगळा देह नाही, एका भुजेचं टोक तेवढं.

आणि थंडी. पाणी अंगातली ऊब हवेच्या २५ पट वेगानं ओढून नेतं. म्हणून ड्रायसूट, आत उबदार थर, थरांत कोंडलेली हवा. ती हवा वर ओढते, म्हणून मग कमरेला शिसं. ऊब तरंगते, तिला बुडवावं लागतं.

इथेच थोडं थांबा. कमरेवरचं ते वजन जाणवू द्या.

आता मोजे बाजूला ठेवा. बोनेअरला ते चालायचे नाहीत. तिथला किनारा ६० मीटर खोलीपर्यंत १९७९ पासून सागरी उद्यान आहे, आणि डायव्हरनं हातमोजे घालायचे नाहीत असा तिथला नियम. मोजा असला की हात प्रवाळाला धरायला धजावतो. उघडा हात आपोआप मागे येतो. मला हा नियम फार आवडतो: पाटी लावून जे साधत नाही, ते कातडी साधते.

तळहात वर करा. उघडाच ठेवा. काही धरायचं नाही.

रस्त्याकडेला पिवळा दगड, त्यावर जागेचं नाव. तिथून चालतच पाण्यात उतरा. गुडघे. कंबर. खांदे.

खांदे अजून थंडीची वाट बघत आखडलेले. सोडा त्यांना.

खाली, १० मीटरवर, दाब दुप्पट. प्रत्येक श्वासाला टाकीतली हवाही दुप्पट जाते. घाई नको.

श्वास आत, आणि क्षणभरानं शरीर थोडं वर. श्वास बाहेर, थोडं खाली. रोखायचा नाही, नुसता लांबवायचा. जाड सूटमध्ये एवढीशी हालचाल हरवून जायची.

ऐका.

करकर. पोपटमासा खडकावर दात चालवतो आहे.

तुमचे बुडबुडे मध्ये येतात. ते विरू द्या. पुन्हा ऐका.

हात रिकामे. तसेच असू द्या.

एक श्वास. आणखी एक.

आता यादी घ्या. शिसाच्या रकान्यात जुना आकडा लिहू नका. ड्रायसूट गेला, थर गेले, त्यांच्यासाठीचं शिसंही गेलं. पण कॅरिबियनचं पाणी प्युजेट साउंडपेक्षा खारट, ते जरा जास्त उचलतं. हा हिशेब घरी बसून जमायचा नाही. पहिल्या दिवशी, उथळ पाण्यात, तरंगण्याच्या जॅकेटमधली हवा काढून उभे तरंगा. पाणी डोळ्यांशी आलं, आणि श्वास सोडताच सावकाश खाली जायला लागलात, की वजन जमलं. टाकी रिकामी होताना हलकी होते, तेवढं वजन जास्तीचं धरा.

तोवर रकाना कोरा. पुढचं लिहा: मास्क, फिन्स, पातळ सूट.