अपरिग्रह आणि बॅकअप

घरच्या संगणकासाठी स्वस्तातले बॅकअप सॉफ्टवेअर निवडणे हा वरकरणी किमतीचा आणि सोयीचा प्रश्न आहे. त्याच्या मुळाशी मात्र दोन जुने तात्त्विक प्रश्न आहेत. नाशवंत गोष्टी किती जपाव्यात, हा पहिला. जपलेली प्रत म्हणजे मूळ वस्तूच का, हा दुसरा. पोथ्या आणि पाठ सांभाळण्याच्या निमित्ताने भारतीय परंपरांनी या दोहोंचा बारकाईने विचार केला आहे, आणि तो आजही कामाचा आहे.

जैन साधूंच्या पाच महाव्रतांत अपरिग्रह आहे. जुन्या नियमांप्रमाणे साधूने पोथी बाळगणे हाही दोष होता आणि त्याला प्रायश्चित्त होते. पोथी म्हणजे वस्तूच. ती वाहून न्यावी लागणार, बांधता-सोडताना पानांतले जीवजंतू मरणार. म्हणून ज्ञान कंठात ठेवायचे. पुढे दुष्काळ पडले, साधू मेले, पांगले, आणि त्यांच्याबरोबर पाठही गेले. अखेर इ. स.च्या पाचव्या शतकात सौराष्ट्रातील वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली श्वेतांबर संघाने उरलेले आगम लिहून घेतले. अपरिग्रहाचे व्रत त्यामुळे मोडले असे संघाने मानले नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातही परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, वस्तूविषयीच्या आसक्तीवरून केली आहे. जपण्याला बंदी नाही. कशासाठी जपतो हे मात्र तपासावे लागते.

संगणकापुढे बसल्यावर ही तपासणी फार टोचते. एकाच बारशाचे चारशे फोटो, व्हॉट्सॲपवरून आलेली सुप्रभातची चित्रे, पुन्हा कधीही न पाहिले जाणारे चित्रपट हे सगळे ‘असू दे’ म्हणून साठलेले असते. या ढिगाऱ्याचा बॅकअप म्हणजे ढिगारा दुप्पट करणे. याउलट आजीच्या आवाजातल्या ओव्यांचे रेकॉर्डिंग, अर्धा झालेला प्रबंध, खरेदीखताचे स्कॅन, घरच्या हिशेबाच्या फायली गेल्या तर कुठूनही परत मिळणार नाहीत. विंडोज किंवा वर्ड पुन्हा टाकता येते, हे रेकॉर्डिंग पुन्हा करता येत नाही. अशा फायली वेगळ्या काढल्या तर त्या बहुधा थोड्याच जागेत मावतात. सॉफ्टवेअर स्वस्त पडेल की महाग, हे बरेचसे इथेच ठरते. जाहिराती मात्र ‘अमर्याद जागा’ विकतात, कारण निवड न करण्याची मुभा हाच त्यांचा खरा माल असतो.

दुसरा प्रश्न प्रतीचा. मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे. हजार मुखांतून उच्चारला तरी तो एकच. उच्चार त्याला फक्त प्रकट करतात. नैयायिकांना हे मान्य नव्हते. शब्द उत्पन्न होतो आणि नष्टही होतो, असे ते म्हणत. संगणकाच्या फाइलला दोघांचेही म्हणणे लागू पडते. नीट झालेली प्रत मुळाशी बिटन्‌बिट जुळते. कागदाच्या फोटोची प्रत फिकी पडत असे, तसे इथे होत नाही, आणि मूळ कुठले व नक्कल कुठली हे विचारण्यात अर्थ उरत नाही. इथवर मीमांसक बरोबर. पण ती फाइल ज्या डिस्कवर प्रकट होते ती डिस्क नैयायिकांच्या शब्दासारखी आज ना उद्या नष्ट होणारच. म्हणूनच तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, असा ठोकताळा जाणकारांनी घातला आहे. वेदपाठी परंपरेने याहून कडक व्यवस्था केली होती. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा निरनिराळ्या क्रमांनी तीच पदे घोकली जात, त्यामुळे एका पाठातली चूक दुसऱ्यात उघडी पडे. प्रतींची संख्या वाढवणे आणि त्या एकमेकींशी पडताळणे, ही दोन वेगळी कामे आहेत. बॅकअप सॉफ्टवेअर पडताळणीही करते का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे.

इथेच एक घोटाळा नेहमी होतो. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमध्ये फोल्डर सिंक होत असला की बॅकअप झाला असे समजतात. सिंक म्हणजे आरसा आहे. संगणकावरून फाइल पुसली की तिकडूनही पुसली जाते आणि कचरापेटीतून सहसा ३० दिवसांनी कायमची जाते. रॅन्समवेअरने फाइल कुलूपबंद केली तर कुलूपबंद फाइलच वर चढते. बॅकअपला भूतकाळ लागतो, म्हणजे जुन्या आवृत्त्या लागतात. मॅकमध्ये २००७ पासून असलेले टाइम मशीन गेल्या २४ तासांतल्या तासातासाच्या, महिन्याभरातल्या रोजच्या आणि त्यामागच्या आठवड्याआठवड्याच्या आवृत्त्या ठेवते. डिस्क भरली की सर्वांत जुन्या टाकते. विंडोजमधली फाइल हिस्टरी कंट्रोल पॅनलमध्ये दडलेली आहे, पण बाहेरची डिस्क जोडून ती चालू केली की कागदपत्रे आणि फोटोंचे तेच काम करते. दोन्हींना वेगळे पैसे पडत नाहीत. डिस्क मात्र काम झाल्यावर काढून ठेवावी. जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या तावडीत सापडते. घराबाहेरच्या प्रतीसाठी डुप्लिकाटीसारखे मोफत आणि खुले सॉफ्टवेअर फायली कुलूपबंद करून क्लाउडवर पाठवते. गूगलची मोफत १५ जीबी जागा मेल आणि फोटोंसह मोजली जाते, हे तेवढे लक्षात ठेवावे.

कुलूपबंद प्रतीचा धडा महानुभाव पंथाकडून घ्यावा. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी शिष्यांकडून गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. ती शिष्यांच्या स्मरणातून पुन्हा उभी केली गेली, म्हणूनच तिचे वेगवेगळे पाठ आढळतात. चौदाव्या शतकात पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपी आणि तिच्यासारख्या सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. ग्रंथ सुरक्षित राहिले, इतके की विसाव्या शतकाच्या आरंभी लिपीची किल्ली संशोधकांच्या हाती येईपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकांना हा खजिना जवळजवळ ठाऊकच नव्हता. पंथात किल्ली जाणणारे होते म्हणून हे निभावले. घरात पासवर्ड एकट्याच्याच डोक्यात असला तर त्याच्यामागे ती डिस्क नुसते लोखंड. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवणे हास्यास्पद वाटते, पण घरच्यांच्या दृष्टीने तेच शहाणपणाचे आहे.

कंपनीवर किती विसंबावे, हाही आसक्तीचाच एक प्रकार. क्रॅशप्लॅनने घरगुती ग्राहकांची सेवा बंद करत असल्याचे २०१७ मध्ये जाहीर केले आणि पुढच्या वर्षी ती बंद झाली. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीला थांबली. त्यामुळे फायली साध्या स्वरूपात, कुठल्याही संगणकावर उघडतील अशा ठेवणारे साधन, देखणे पण स्वतःच्याच स्वरूपात बंदिस्त करणाऱ्या साधनापेक्षा चांगले, मग त्यात सोयी कमी का असेनात.

राहता राहिली तपासणी. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, जैन भांडारांतल्या पोथ्या बाहेर काढून झाडतात, पुसतात, पूजतात. पूजेच्या निमित्ताने कसर लागली आहे का, हेही दरवर्षी कळते. बॅकअपमधून एखादी फाइल मुद्दाम परत आणून उघडून पाहणे हे त्याच जातीचे काम आहे, आणि ते फार थोड्या घरांत होते. ‘बॅकअप पूर्ण’ हा संदेश फक्त लिहिणे झाले एवढेच सांगतो. वाचता येते की नाही, ते वाचल्यावरच कळते.

हे सगळे जमेस धरता, सामान्य घराला संगणकाबरोबर आलेले सॉफ्टवेअर, आलटून पालटून वापरायच्या दोन डिस्का (एक घरात, एक नातेवाइकांकडे) आणि निवडक फायलींपुरती मोफत क्लाउडची जागा एवढे पुरते. वर्षाची वर्गणी भरणे योग्य ठरते ते डिस्क जोडण्याची आठवण घरात कोणालाच राहत नसेल तेव्हा, किंवा न गमावण्याजोगा माल मोफत जागेत मावत नसेल तेव्हा.